रोप ब्रिजवर काय लावायचं? रिंग, स्विव्हल की थेट कॅरॅबिनर? झाडछाटणीच्या धंद्यातल्या वीतभर जोडाचा पूर्ण हिशोब



झाडछाटणीचं काम घेणाऱ्या उद्योजकांसाठी आजचा लेख आहे. व्हिडिओमध्ये हातात वस्तू घेऊन दाखवणं सोपं असतं. पण दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना समोर यादी लागते, आकडे लागतात. म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. सेव्ह करून ठेवा.

बघा, आपल्याकडे होतं काय? एप्रिल-मे आला की पावसाळ्याआधीच्या छाटणीची कामं धडाधड येतात. सोसायटीत गुलमोहर असतो, रस्त्याकडेला रेनट्री असतो, कंपनीच्या आवारात निलगिरी असते. काम वाढलं की मालक पहिला खर्च करतो चेनसॉवर. दुसरा खर्च टेम्पोवर. आणि वर चढणाऱ्या माणसाला मिळतो बांधकाम साइटवरचा पाठीत रिंग असलेला बेल्ट.

तो बेल्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो पडणाऱ्याला अडवण्यासाठी बनवलाय. त्यात बसून तासभर करवत चालवण्यासाठी नाही. झाडावर माणूस दोरावर बसून काम करतो, दोन्ही हात मोकळे ठेवतो, डावी-उजवीकडे सरकतो. त्यासाठी वेगळा हार्नेस असतो, आणि त्या हार्नेसच्या पुढच्या बाजूला असतो रोप ब्रिज.

आधी समजून घेऊ, रोप ब्रिज म्हणजे काय

झाडावर चढण्याच्या हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंना, साधारण मांडीच्या वर, एकेक मजबूत जोड असतो. त्या दोघांच्या मध्ये दोराचा एक छोटा तुकडा असतो. हाच ब्रिज. म्हणजे माणसाच्या पोटासमोर एक छोटासा झोपाळ्याचा दोर आहे असं समजा. त्यावर एक रिंग सरकते आणि त्या रिंगला वरून आलेला चढायचा दोर अडकतो.

फायदा काय? माणूस उजवीकडे झुकला की रिंग ब्रिजवरून सरकते. वजन बरोबर मध्यावर राहतं. हार्नेस एका बाजूला ओढला जात नाही, कंबर पिळवटत नाही. दिवसभर काम करणाऱ्याला हा फरक संध्याकाळी कळतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. वर फांदीवर दोर कसाही टाकलेला असो, एकेरी लटकलेला किंवा फांदीवरून फिरून परत आलेला, शेवटी माणसाचं सगळं वजन याच वीतभर जागेतून जातं. फांदीवरून फिरलेल्या दोरात वजन दोन पदरांत वाटलं जातं, पण ते दोन्ही पदर पुन्हा याच रिंगमध्ये येतात. ब्रिजवर पूर्ण वजन येतंच. कमरेचा दुसरा दोर खोडाभोवती लावलेला नसेल, तर या जागेला पर्यायी आधार नाही. म्हणून खर्चाला कात्री लावायची असेल तर दुसरीकडे लावा, इथे नको.

कॅरॅबिनर थेट ब्रिजवर का लावू नये

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. "सर, मध्ये रिंग कशाला? कॅरॅबिनरच ब्रिजमध्ये अडकवला तर एक वस्तू वाचते."

वाचते, खरं आहे. पण कॅरॅबिनर उभ्या दिशेने ताकदवान असतो. त्याच्या पाठीवर, म्हणजे कण्यावर, लांबीच्या रेषेत वजन आलं तर तो भक्कम. आडवं वजन आलं की ताकद एकदम खाली येते. कुठलाही प्रमाणित कॅरॅबिनर हातात घ्या, त्यावर छोटे आकडे कोरलेले दिसतील. उभ्या बाणासमोर साधारण २२ किंवा त्याहून जास्त, आडव्या बाणासमोर साधारण ७ ते १०. ही किलोन्यूटनमधली ताकद. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो वजनाइतका जोर. म्हणजे उभा २,२०० किलोच्या वर पेलणारा कॅरॅबिनर आडवा झाला की एक-तृतीयांशावर येतो.

ब्रिजवर थेट लावलेला कॅरॅबिनर सतत सरकतो आणि सरकताना फिरतो. वजन सुटलं, म्हणजे माणूस फांदीवर उभा राहिला, की तो आडवा पडतो. परत वजन आलं की कधीकधी तसाच आडवा अडकतो. त्यात ब्रिजचा दोर त्याच्या दारावर घासतो. स्क्रूवाला कॅरॅबिनर असेल तर घासून घासून स्क्रू उघडू शकतो.

रिंगला ही अडचण नाही. रिंग गोल आहे. तिला उभं-आडवं नाही, दार नाही. कशीही फिरली तरी ताकद तीच. म्हणून नियम सोपा ठेवा: जे सरकतं तिथे रिंग, जे उघडतं तिथे कॅरॅबिनर. ब्रिजवर रिंग सरकू दे आणि रिंगमध्ये कॅरॅबिनर लावा.

बाजारात मिळणारे पर्याय, एकेक करून

१. ॲल्युमिनियमची रिंग. वजनाला हलकी, ब्रिजवरून छान सरकते. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी पहिली निवड हीच. तोटा एक: धूळ, वाळू, चिकट डिंक लागलेला दोर तिच्यावर रोज घासला की आतल्या बाजूला खाच पडते. फोर्ज केलेली, ताकदीचा आकडा कोरलेली रिंगच घ्या.

२. स्टीलची रिंग. जड पडते, पण झिजायला वेळ लागतो. खडबडीत काम, रोजचा वापर आणि माणसं बदलती असतील तर स्टील परवडतं. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ काम असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खारी हवा आणि ओलावा असताना स्टील आणि ॲल्युमिनियम कायम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम लवकर खराब होतं, त्यावर पांढरी पावडर धरते. म्हणून काम संपल्यावर साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि जोड सुटे करून ठेवा.

३. उघडणारी रिंग. साधी बंद रिंग ब्रिजवर घालायची तर ब्रिजचं एक टोक सोडावं लागतं. उघडणाऱ्या रिंगला एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे ब्रिज न सोडता ती घालता येते. शिवलेल्या टोकांच्या ब्रिजला सोयीची. पण स्क्रू कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळायचा आणि रोज तपासायचा. अंदाजाने पान्हा फिरवून चालणार नाही.

४. स्विव्हल. म्हणजे फिरकी. वरचा भाग खालच्या भागापासून स्वतंत्र फिरतो. माणूस खोडाभोवती फिरला, दोन-तीन वेळा दिशा बदलली की फांदीवरून आलेल्या दोराच्या दोन पदरांना पीळ पडतो. पीळ पडला की दोर ओढताना जोर लागतो, गाठ नीट सरकत नाही, माणूस दमतो. स्विव्हल हा पीळ सोडून देतं. शिवाय माणसाला तोंड ज्या दिशेला हवं तिकडे वळवता येतं.

मग सगळ्यांनी स्विव्हलच घ्यावं का? थांबा. स्विव्हल रिंगपेक्षा महाग, जड आणि लांब असतं. लांबी वाढली की वरची गाठ किंवा डिव्हाइस तितकं दूर जातं. बुटक्या माणसाच्या हाताला ते पोचायला त्रास होतो. आत फिरणारा भाग असल्याने त्यात भुसा आणि डिंक जातो, सफाई लागते. आणि काही चढाईच्या डिव्हाइसमध्ये स्विव्हल आधीच बसवलेलं असतं. तसं डिव्हाइस वापरत असाल तर ब्रिजवर दुसऱ्यांदा पैसे घालायची गरज नाही. आधी स्वतःचं डिव्हाइस बघा, मग ऑर्डर द्या.

५. स्क्रू लिंक. साखळीच्या कडीसारखी, पण एका बाजूला स्क्रूची नळी असलेली. प्रमाणित, पान्ह्याने आवळलेली असेल तर कायमच्या जोडासाठी चालते. रोज उघडझाप करायच्या जागी ती लावू नका. अर्धवट आवळलेल्या लिंकची ताकद खूप कमी होते आणि वर असताना ते लक्षातही येत नाही.

६. हार्डवेअरच्या दुकानातलं डी-शॅकल किंवा वेल्ड केलेली कडी. याचं उत्तर एका शब्दात: नाही. टेम्पोला ओढायला, फांदी बांधायला ठीक आहे. माणसाला नाही. त्यावर माणसासाठीच्या मानकाचा क्रमांक नसतो. वेल्ड आतून कसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आणि शॅकलच्या पिनवरून दोर सरकला तर पिन फिरून सैल होते.

वस्तूवर काय वाचायचं

दुकानदार म्हणेल, "एकदम स्ट्राँग आहे, ट्रक उचलेल." तुम्ही हसून वस्तू उलटी करा आणि या गोष्टी शोधा:

- ताकदीचा आकडा, किलोन्यूटनमध्ये.
- मानकाचा क्रमांक. कॅरॅबिनर आणि स्क्रू लिंकसाठी युरोपातलं मानक ईएन ३६२. बसून काम करायच्या हार्नेससाठी ईएन ८१३ आणि कमरेच्या पोझिशनिंगसाठी ईएन ३५८.
- कंपनीचं नाव आणि बॅच किंवा अनुक्रमांक.
- सोबत छापील माहितीपत्रक. त्यात कुठल्या दिशेने वजन द्यायचं याचं चित्र असतं.

अमेरिकेत झाडकामासाठी झेड १३३ नावाचं स्वतंत्र मानक आहे. त्यात चढाईच्या कॅरॅबिनरला ५,००० पौंड, म्हणजे साधारण २२ किलोन्यूटन ताकद लागते. शिवाय तो आपोआप बंद आणि लॉक होणारा हवा, आणि दार उघडण्याच्या तयारीत आणायलाच किमान दोन सलग, मुद्दाम केलेल्या हालचाली लागायला हव्यात. म्हणून माझा सल्ला: तीन हालचालींचा घ्या. वर ढकला, फिरवा, मग दाबा. फांदीला घासून चुकून उघडण्याची शक्यता खूप कमी होते.

इथे एक शंका येते. माणूस ८० किलोचा, सामानासकट ९५ किलो. मग २,२०० किलोची ताकद कशाला? कारण दोरात ढील असताना पाय घसरला तर वजन झटक्याने येतं आणि झटका स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. शिवाय वस्तू झिजते, कोन बदलतो. हा फरक म्हणजे चैन नव्हे, तो माणसाच्या जिवाचा राखीव साठा आहे.

ब्रिजची लांबी: सगळे विसरतात तो मुद्दा

रिंग उत्तम घेतली आणि ब्रिज चुकीच्या लांबीचा ठेवला तर उपयोग नाही.

ब्रिज फार आखूड असेल तर दोन्ही बाजूंचा दोर जवळजवळ आडवा ताणला जातो. दोन बाजूंमधला कोन ६० अंश असताना प्रत्येक बाजूवर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. ९० अंशांना साधारण ७१ टक्के. १२० अंशांना तर प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण. वरून कंबर दोन्ही बाजूंनी आत दाबली जाते ती वेगळीच. चढणारा तक्रार करतो, "हार्नेस टोचतोय." अनेकदा हार्नेसचा दोष नसतो, ब्रिज आखूड असतो.

फार लांब असेल तर रिंग छातीकडे जाते आणि गाठ हाताबाहेर. मधली लांबी शोधा. जमिनीपासून फूटभर वर लटकून पाहा, दोन्ही हात वर करा, गाठ कोपर किंचित वाकवून हाताशी आली पाहिजे. स्विव्हल लावणार असाल तर त्याची लांबी धरून हे माप घ्या.

ब्रिजच्या टोकांना गाठी असतील तर माहितीपत्रकात दाखवलेलीच गाठ आणि तितकंच शेपूट ठेवा. ब्रिज बदलताना कंपनीने त्या हार्नेससाठी सांगितलेला दोरच घाला. गोदामात पडलेला "तसाच दिसणारा" दोर कापून घालायचा नाही.

तुमच्या कामाला नेमकं काय?

*सोसायटी आणि बंगल्यांची कामं, महिन्यातून आठ-दहा दिवस:* एक ॲल्युमिनियम रिंग, एक तीन हालचालींचा कॅरॅबिनर, आणि एक ब्रिज जादा. सुरुवातीला एवढं पुरे.

*रोजचं काम, मोठे पसरलेले वड-रेनट्री:* इथे माणूस फांद्यांवर लांबवर चालत जातो, सारखा वळतो. इथे स्विव्हलचे पैसे वसूल होतात. सोबत कमरेच्या दुसऱ्या दोरासाठी कमरेच्या बाजूच्या रिंगा मोकळ्या ठेवा. चेनसॉ सुरू करण्याआधी दुसरा दोर लावलेला असलाच पाहिजे. करवत एका दोरावर चालली तर दुसरा माणसाला धरतो. झेड १३३ मध्येही हेच सांगितलंय.

*नारळ, सुपारी:* इथे मी तुमचे पैसे वाचवतो. माडाला फांदी नाही. झावळीवर दोर टाकून लटकणं सुरक्षित नाही. त्यामुळे रोप ब्रिजची जी मजा आहे ती इथे मिळतच नाही. कोकणातले माडावर चढणारे किंवा गोव्यातले पाडेली यांच्या कामाला खोडाभोवतीचे दोन पट्टे, एक काढण्याआधी दुसरा लावलेला, आणि चढायचं यंत्र हे जास्त उपयोगाचं. तुमचं बहुतेक काम माडांचं असेल तर महागडं स्विव्हल घेऊ नका.

आता धंद्याचा हिशोब

"सर, एवढं सामान घेतलं तर रेटमध्ये बसत नाही." चला, बसवून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या बिलाचे टाका.

समजा एका माणसाचं पूर्ण किट ६०,००० रुपयांचं. ३ वर्षं वापरायचं, वर्षाला १५० दिवस. म्हणजे ४५० दिवस. ६०,००० भागिले ४५०, झाले दिवसाला साधारण १३३ रुपये. ब्रिज, रिंग, कॅरॅबिनर लवकर बदलतात म्हणून त्यांचा वेगळा फंड वर्षाला ९,००० धरा. दिवसाला ६० रुपये. एकूण १९३, म्हणजे २०० रुपये धरू.

दिवसाच्या कोटेशनमध्ये २०० रुपये! फांद्या उचलून नेणाऱ्या टेम्पोच्या डिझेलपेक्षा कमी. कोटेशनमध्ये ही ओळ लपवू नका, वेगळी लिहा: "प्रमाणित चढाई साहित्य व तपासणी". सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन कोटेशन आली आणि एकात ही ओळ असेल तर तो प्रश्न दुसऱ्याला विचारतो. "तुमचा माणूस कशावर चढणार?" हा प्रश्न स्वस्तवाल्याला विचारला गेला की तुमचं अर्धं विक्रीचं काम झालं.

आणि दुसरी बाजूही बघा. कामावर असताना माणसाला अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. "तो रोजंदारीवर होता", "त्याने स्वतःचाच दोर आणला होता" असं म्हणून सुटता येईल या भरवशावर राहू नका. विमा घ्याच. पण विम्याने पैसे मिळतात, माणूस परत मिळत नाही. त्याच्या घरी तुम्हालाच जावं लागतं.

रजिस्टर ठेवा, साधी वही चालेल

ब्रिटनमध्ये माणसाला उचलणाऱ्या साहित्याची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून सविस्तर तपासणी आणि त्याची नोंद बंधनकारक आहे. आपण निदान वहीने सुरुवात करू. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. खरेदीची तारीख, बिल, वापरणाऱ्याचं नाव, तपासणीची तारीख, बाद केल्याची तारीख. एवढे पाच रकाने.

चढण्याआधी, चहा होईपर्यंत, ही तपासणी:

- ब्रिज पूर्ण बोटांमधून फिरवा. मधला भाग कडक, चकचकीत, फुगलेला किंवा पोकळ लागतोय? बाहेरचं आवरण कापलंय? बाद.
- टोकांच्या गाठी घट्ट आहेत, शेपूट पूर्ण आहे.
- रिंग फिरवून आतून नख फिरवा. नख अडकेल अशी खाच किंवा धार लागली तर बाद.
- स्विव्हल हातात फिरवा. खरखर, अडखळणं किंवा ढिलेपणा असेल तर बाजूला ठेवा.
- कॅरॅबिनरचं दार सोडा. आपोआप पूर्ण बंद आणि लॉक झालं पाहिजे. नाही झालं तर आधी साफ करा, तरी नाही तर बाद.
- शेवटी जमिनीपासून फूटभर वर पूर्ण वजन टाकून बसा, डावी-उजवीकडे झुका, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाने प्रत्येक जोड मोठ्याने बोलून तपासायचा.

बाद झालेली वस्तू कोपऱ्यात टाकू नका. दोर कापा, रिंगला लाल रंग मारून भंगारात द्या. नाहीतर दोन महिन्यांनी गर्दीच्या दिवशी कोणीतरी तीच उचलून लावतो.

सफाई कोमट पाणी आणि सौम्य साबणाने, वाळवणं सावलीत. पेट्रोलचा कॅन, चेनसॉचं ऑइल आणि गाडीची बॅटरी यांच्यासोबत एका पिशवीत हार्नेस कधीच नको. बॅटरीच्या ॲसिडचा डाग दोरावर दिसतही नाही आणि दोर आतून कमजोर झालेला असतो.

या आठवड्याचं काम

मित्रांनो, वाचून बंद करू नका. उद्या सकाळी तीन गोष्टी करा. एक, तुमच्याकडच्या प्रत्येक हार्नेसच्या ब्रिजवर सध्या काय लावलंय ते बघा आणि फोटो काढा. दोन, त्यावरचा आकडा आणि मानक वाचता येतंय का ते तपासा. वाचता येत नसेल तर ती वस्तू माणसासाठी बंद. तीन, पुढच्या कोटेशनमध्ये ती २०० रुपयांची ओळ टाका.

आणि निर्णय घेताना चढणाऱ्याला सोबत घ्या. त्याच्या हाताला काय पोचतं, त्याच्या कमरेला काय टोचतं, हे त्यालाच माहीत. पैसे तुमचे असले तरी त्या रिंगवर वजन त्याचं आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण फांदी दोराने हळूच खाली उतरवण्याचं सामान आणि त्याचं कोटेशन कसं करायचं ते बघणार आहोत. तोपर्यंत काळजीपूर्वक काम करा, आणि वर गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी चहाला खाली आलाच पाहिजे, एवढं बघा.